जुनं टर्नटेबल की नवं? बजेट बेताचं असताना पैसे कुठे घालावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या मोठ्या माणसांनी जपलेल्या चाळीसेक एलपी तुमच्याकडे आल्या आहेत, पण टर्नटेबल नाही. वेगळा अँप्लिफायरही नाही, मात्र ज्यांच्या पोटातच अँप्लिफायर असतो असे स्पीकर आहेत. बजेट बेताचं आहे आणि समोर तीन पर्याय आहेत: सुटकेससारखं उघडणारं स्वस्त यंत्र, नावाजलेल्या कंपनीचं सुरुवातीच्या श्रेणीतलं नवं टर्नटेबल, आणि एका विक्रेत्याकडे पाहिलेलं चाळीसेक वर्षांपूर्वीचं जपानी डायरेक्ट ड्राइव्ह (म्हणजे ज्यात बेल्ट नसतो, मोटर थेट तबकडी फिरवते), ज्यावर फक्त 'चालू स्थितीत' एवढंच लिहिलंय.

वीस वर्षांहून जास्त काळ मी ही यंत्रं उघडतोय, जुळवतोय. त्यावरून सांगतो: जुनं यंत्र पंधरा-वीस मिनिटं स्वतःच्या हातांनी तपासून बघता येणार असेल तर जुनं घ्या. तसं जमणार नसेल तर नवं घ्या. सुटकेसवालं कुठल्याच परिस्थितीत घेऊ नका. यामागची कारणं मात्र नीट समजून घ्या, कारण पुढे कुठलंही मॉडेल समोर आलं तरी तीच उपयोगी पडतील.

टर्नटेबलचं काम ऐकायला सोपं वाटतं. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, एकसारख्या, न डळमळता फिरवायची आणि सुईला खाचेत अशा रीतीने धरून ठेवायचं की सुई हलेल पण तिला धरणारं काहीही हलणार नाही. रेकॉर्डवरची खाच जेमतेम केसाच्या जाडीची. बाहेरच्या कडेला ती सुईखालून सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने जाते, आत लेबलाजवळ पोचेपर्यंत हा वेग सुमारे २० सेंटिमीटरवर येतो. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं नेहमी अवघड असतं. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीच्या खाचेत दाटलेलं असतं आणि बोथट किंवा वाकडी बसवलेली सुई तिथे लगेच उघडी पडते. 'स', 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात.

आता या यंत्रातलं बदलता काय येतं आणि काय येत नाही, ते बघा. सुई बदलता येते. कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते आणि जे तिच्या हालचालीचं विजेत रूपांतर करतं ते, बदलता येतं. बेल्ट बदलता येतो, रबरी मॅट, वायर, फोनो प्रीअँप सगळं बदलता येतं. मधल्या दांड्याचं बेअरिंग आणि टोनआर्मची, म्हणजे सुईला रेकॉर्डवर धरणाऱ्या लांब हाताची, बेअरिंग मात्र व्यवहारात बदलता येत नाहीत. बेताच्या पैशांत घ्यायचं ते हेच: चांगलं मुख्य बेअरिंग आणि चांगला आर्म. बाकीचं पुढे सवडीने सुधारता येतं.

सुटकेसवाल्या यंत्रांवर माझा राग दिसण्यावरून नाही. त्यांत बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याची सुई खाचेवर पाच-सहा ग्रॅम भार टाकते, तर साध्या चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. आर्म प्लास्टिकचा, त्यावर वजन कमी-जास्त करायची सोय नाही. फिरणारी तबकडी रेकॉर्डपेक्षा लहान, त्यामुळे एलपीच्या कडा अधांतरी. आणि स्पीकर त्याच खोक्यात, म्हणजे स्पीकरची थरथर थेट सुईपर्यंत. एकदा वाजवल्याने रेकॉर्ड फुकट जात नाही, ही भीती लोक उगाच घालतात. पण ज्या रेकॉर्ड पुन्हा मिळणार नाहीत त्या रोज जड, झिजलेल्या सुईखाली फिरवणं मला बघवत नाही. तुमच्या रेकॉर्ड तर माणसांच्या आठवणीसकट आलेल्या आहेत.

नवं घ्यायचं ठरलं तर दुकानात किंवा जाहिरातीत तीनच गोष्टी आधी शोधा. आर्मच्या मागे फिरवता येणारं काउंटरवेट, म्हणजे सुईचा भार जुळवायचं वजन, आहे का? कार्ट्रिज दोन स्क्रूंनी बसवलेलं, म्हणजे बदलता येणारं आहे का? प्लॅटर, म्हणजे फिरणारी तबकडी, पूर्ण रेकॉर्डएवढी आणि थोडी वजनदार आहे का? तिन्हींना 'हो' असेल तर ते टर्नटेबल दहा वर्षं तुमच्याबरोबर वाढू शकतं. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी१२०एक्स, रेगाचं प्लॅनर १, प्रो-जेक्टची सुरुवातीची मॉडेल्स आणि फ्लुअन्सची आरटी मालिका ही या वर्गातली नेहमी भेटणारी नावं. त्यांच्यात डावं-उजवं करण्यात फार वेळ घालवू नका. प्लॅनर १ मध्ये ३३ वरून ४५ वर जायला प्लॅटर उचलून बेल्ट हाताने सरकवावा लागतो. ज्याच्याकडे सगळ्या एलपीच आहेत त्याला त्याचा त्रास नाही, पण ४५ च्या छोट्या रेकॉर्डचा ढीग असेल तर हेच रोज नकोसं होतं.

याच्या खालच्या पायरीवर एटी-एलपी६०एक्ससारखी पूर्ण स्वयंचलित यंत्रं आहेत. काउंटरवेट नाही, कार्ट्रिज बदलता येत नाही, फक्त सुई बदलता येते. तरीही बजेट खरंच तेवढंच असेल तर मी ते घ्यायला सांगतो. भार कारखान्यातच ठरवलेला असतो, कार्ट्रिज मॅग्नेटिक आहे, सुई सहज मिळते आणि बटण दाबलं की आर्म स्वतः जाऊन स्वतः परत येतो. हात थरथरतात अशा वयस्क माणसासाठी तर मी याच प्रकारचं सुचवतो. फक्त पुढे सुधारणा करायला त्यात जागा नाही, हे ठाऊक असू द्या.

बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह, या वादात पडू नका. बेल्टमुळे मोटरची थरथर प्लॅटरपासून दूर राहते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये वेग लवकर पकडला जातो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्या बजेटमध्ये दोन्ही प्रकारांत चांगलं मिळतं, दोन्हींत वाईटही मिळतं. यूएसबी, ब्लूटूथ या सोयींसाठी जास्तीचे पैसे मात्र देऊ नका. तेवढ्याच किमतीत दोन यंत्रं असतील आणि एकात ब्लूटूथ असेल, तर त्या ब्लूटूथचे पैसे बहुधा आर्ममधून कापलेले असतात.

तुमच्या स्पीकरमुळे एक खर्च वाढतो, तो आधीच धरा. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे नेहमीच्या मॅग्नेटिक, कार्ट्रिजमधून जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट बाहेर पडतात. स्पीकरच्या साध्या इनपुटला त्याच्या कित्येक पट लागतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे सूर वाढवलेले असतात, म्हणजे खाच फार रुंद होत नाही आणि वरची खरखर झाकली जाते. १९५४ पासून आरआयएए नावाचा जो आलेख रूढ झाला, त्यानुसार २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कमी आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढेच जास्त. वाजवताना हे उलटं करावं लागतं. ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. तो नसेल तर आवाज बारीक, पत्र्यासारखा आणि बिनखर्जाचा येतो. नव्या टर्नटेबलांपैकी बऱ्याच यंत्रांत तो आतच असतो आणि मागच्या बाजूच्या खटक्याने बंदही करता येतो. जुन्यात जवळजवळ कधीच नसतो. स्पीकरच्या मागे 'फोनो' लिहिलेलं इनपुट आहे का ते बघा. असेल तर वेगळा प्रीअँप नको, आणि टर्नटेबलमधला चालू असेल तर तो बंद करा. दोन प्रीअँप एकामागे एक लागले की आवाज गढूळ होऊन फाटतो. 'यंत्र बिघडलंय' म्हणून माझ्याकडे आलेली कितीतरी टर्नटेबलं हा एक खटका सरकवून मी परत पाठवली आहेत.

आता जुन्याकडे वळू. तुमचं मन तिकडे आहे हे प्रश्नावरूनच कळतं आणि ते रास्तही आहे. १९७० चं दशक आणि १९८० च्या दशकाची पहिली काही वर्षं हा टर्नटेबलच्या मोठ्या उत्पादनाचा काळ. टेक्निक्सचं एसएल-१२०० आलं १९७२ मध्ये, त्याची एमके२ आवृत्ती १९७९ मध्ये. त्याच काळात पायोनियर, केनवूड, यामाहा, सोनी, डेनॉन या सगळ्यांनी साध्या घरांसाठी जी यंत्रं काढली त्यांत ओतीव अॅल्युमिनियमचे प्लॅटर आणि बारकाईने बनवलेले आर्म होते. तसा आर्म आज नव्याने बनवून त्याच किमतीत विकणं कुणालाही परवडत नाही. युरोपातली ड्युअल, थोरेन्स, लेन्को यांचीही तीच गोष्ट. १२०० च्या मागे मात्र लागू नका. नावामुळे त्याची किंमत चढलेली आहे आणि बरीच यंत्रं डीजेंच्या हाताखाली झिजलेली असतात. त्याच्याच कंपनीची कमी प्रसिद्ध, घरगुती मॉडेल्स तुमच्या बजेटला जास्त न्याय देतील.

तपासणी अशी करा. आधी यंत्र बंद ठेवूनच प्लॅटरच्या कडेला दोन समोरासमोरच्या बाजूंनी बोटं ठेवा आणि आळीपाळीने हलकेच दाबा. प्लॅटर डुगडुगत असेल, आतून टक्‌ लागत असेल, तर बेअरिंग झिजलंय. मग हाताने फिरवून कान खाली न्या. नुसती हवा कापल्याचा आवाज यावा, घासल्याचा नाही. बेल्टचं यंत्र असेल तर हे बेल्ट काढून करा.

त्यानंतर आर्म. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवलेलं आर्मचं टोक, दोन बोटांत धरून आर्मच्या लांबीच्या दिशेने अगदी हलकं पुढे-मागे करा. कणभरही खुळखुळ जाणवली तर मी ते यंत्र घेत नाही. मग अँटी-स्केट, म्हणजे आर्मची आतल्या बाजूची ओढ थोपवणारी सोय, शून्यावर आणून काउंटरवेट असं फिरवा की आर्म आडवा तरंगेल. तरंगत्या आर्मवर बाजूने हळूच फुंकर मारा. तो सहज सरकला पाहिजे आणि वाटेत कुठेही अडखळता कामा नये. ठरावीक जागी अडत असेल तर बेअरिंगला धक्का बसलेला आहे. विक्रेत्याला ही तपासणी विचित्र वाटेल, वाटू द्या. काउंटरवेटच हरवलेलं असेल तर दुसऱ्या मॉडेलचं लावू असा विचार करू नका, वजन आणि भोक जुळणं दुरापास्त असतं.

आता यंत्र चालू करा. वेगासाठी कुठलंही उपकरण लागत नाही. प्लॅटरच्या कडेला कागदाचा छोटा तुकडा चिकटवा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजा: बरोबर तीन मिनिटांत शंभर फेऱ्या व्हायला हव्यात. एका सेकंदाचा फरक म्हणजे साधारण अर्धा टक्का, तो चालून जातो. वेग किंचित जास्त किंवा कमी असणं कानाला फारसं खुपत नाही. वेग डगमगणं खुपतं, म्हणून पियानोचा किंवा बासरीचा लांबलेला सूर ऐका. तो लाटेसारखा वर-खाली होत असेल तर बेल्टच्या यंत्रात बहुधा बेल्ट सैल झालाय, म्हणजे स्वस्तातली दुरुस्ती. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये वेग मध्येच उडी मारत असेल तर आधी वेग जुळवणारी घुंडी पाचदहा वेळा पूर्ण फिरवून बघा, आतला गंज झटकला जाऊन कित्येकदा तेवढ्यानेच सुधारतं. नाही सुधारलं तर सोडून द्या. त्या काळच्या मोटर चालवणाऱ्या काही चिप आता बनतच नाहीत. डायरेक्ट ड्राइव्ह नीट चालत असेल तरच घ्यावं, दुरुस्त करून घेऊ या भरवशावर नाही. रबरी चाकाने प्लॅटर फिरवणाऱ्या जुन्या यंत्रांत ते चाक कडक होतं आणि प्रत्येक फेरीला धप्‌धप्‌ ऐकू येतं. ते नवं मिळतं, पण त्याचा खर्च आणि खटपट किमतीतून वजा करायला हवी.

दुसऱ्या देशातून आलेलं यंत्र असेल तर नुसता व्होल्टेज बघून भागत नाही. पायोनियर पीएल-१२डी किंवा थोरेन्स टीडी १६० यांसारख्या यंत्रांची सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारितेवर वेग धरते. ६० हर्ट्झसाठी बनलेलं यंत्र ५० हर्ट्झवर लावलं की ३३⅓ ऐवजी साधारण २७.८ फेऱ्या होतात, म्हणजे गाणं जवळजवळ तीन पट्ट्या खाली उतरतं. ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, मोटरवरची छोटी पुली बदलावी लागते. क्वार्ट्झ स्फटिकाने वेग धरणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला ही अडचण नाही.

आर्म आपोआप परत येत नाही, अर्ध्यात थांबतो, ही तक्रार मात्र तुमच्या फायद्याची. जवळजवळ नेहमी आतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ड्युअलच्या काही यंत्रांत तर वाटाण्याहून लहान एक रबरी टोपी झिजून गळून पडते आणि सगळी स्वयंचलित हालचाल थांबते. लोक यंत्र मेलं समजून किंमत पाडतात. साफसफाई करून नवं ग्रीस लावायला एक दुपार पुरते. एका बाजूचा आवाज येत नसेल तरी लगेच घाबरू नका. हेडशेल काढून त्याची चार सोनेरी-पितळी टोकं कापडाने पुसा, मग कार्ट्रिजमागच्या चार बारीक वायरी नीट बसल्यात का बघा: पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. दहापैकी बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. सतत 'हूं' असा गुंजारव येत असेल तर अर्थिंगची वायर जोडली आहे का ते बघा.

जुन्या यंत्रावरच्या सुईची किंमत कायम शून्य धरा. 'थोडीच वापरलीय' असं प्रत्येक विक्रेता मनापासून सांगतो, कारण ती किती तास फिरली हे त्यालाही माहीत नसतं. साधी गोल टोकाची किंवा लंबगोल सुई काहीशे तास टिकते, चांगली जपली तर काही कंपन्या हजार तासांपर्यंतही सांगतात. झिजलेली सुई गोल राहत नाही, तिला दोन सपाट, धारदार कडा येतात आणि त्या कडा खाच खरवडतात. म्हणून जुन्या यंत्राची खरी किंमत म्हणजे विक्रेत्याची किंमत, अधिक नवं कार्ट्रिज किंवा सुई, अधिक बेल्ट असेल तर तो, अधिक प्रीअँप. ही बेरीज नव्या चांगल्या यंत्राच्या पुढे जात असेल तर नवंच घ्या. शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, त्यामुळे जुन्या यंत्रावर शुअर असेल तर सुई दुसऱ्या उत्पादकाची शोधावी लागते. जपानची जिको ती बनवते आणि चांगली बनवते.

नव्या कार्ट्रिजसाठी माझी पहिली शिफारस ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई किंवा ऑर्टोफोनचं २एम रेड. पहिल्याचा भार दोन ग्रॅम, दुसऱ्याचा १.८. दोन्हींचं शरीर तेच ठेवून पुढे फक्त वरच्या दर्जाची सुई लावता येते. भार अंदाजाने लावू नका. छोटा डिजिटल काटा अगदी थोडक्यात मिळतो, तो घ्याच. 'रेकॉर्डला जपायचं' म्हणून भार मुद्दाम कमी ठेवणारे खूप भेटतात, पण हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंतींवर आपटते. त्याने जास्त नुकसान होतं. कंपनीने दिलेल्या मर्यादेत, मधोमध किंवा किंचित वर राहा.

यंत्र हातांनी तपासूनच घ्या, हे मी एवढं का ताणतोय, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एक सुरेख बेल्ट ड्राइव्ह मी छायाचित्रं बघून मागवलं. पाठवणाऱ्याने प्लॅटर जागेवरच ठेवून, काउंटरवेट न काढता, भोवती कागद कोंबून खोकं बंद केलं होतं. वाटेत प्लॅटरने बेअरिंगवर हातोड्यासारखे ठोके घातले. आर्मचा मागचा भाग वाकून आला. दिसायला यंत्र नवं होतं आणि कामाला निकामी. त्या आर्मसारखा दुसरा मला अजून मिळालेला नाही. तेव्हा मागवायचंच असेल तर प्लॅटर, काउंटरवेट, हेडशेल आणि झाकण वेगवेगळं गुंडाळलेलं आणि आर्म त्याच्या टेकूला बांधलेला, अशी छायाचित्रं खोकं बंद होण्याआधी मागा. कंटाळा करणाऱ्याकडून घेऊ नका.

घरी आणल्यावर यंत्र स्पीकर ठेवलेल्या फळीवर ठेवू नका आणि पाणसळीने सपाट करून घ्या. बाकी जागेचा बाऊ नको.

तुमच्या त्या विक्रेत्याकडे जाताना एक विजेरी, कागदाची चिकटपट्टी आणि या ठेव्यातली नसलेली, ओरखड्यांची पर्वा नसलेली एखादी रेकॉर्ड घेऊन जा. घरच्या चाळीसपैकी एकही त्याच्या सुईखाली ठेवू नका. आर्म खुळखुळला नाही, शंभर फेऱ्या जमल्या आणि ३३ वरून ४५ वर जाऊन वेग स्थिर राहिला, तर ते घ्या. वर सांगितलेल्या कार्ट्रिजपैकी एक आणि साधा प्रीअँप लगेच मागवा. ती येईपर्यंतच्या दिवसांत चाळीसच्या चाळीस रेकॉर्ड पाहून घ्या. त्यांत ७८ च्या लाखेच्या निघाल्या तर त्या बाजूला काढा. त्यांना वेगळा वेग आणि बरीच जाड सुई लागते, आणि अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण त्यांना लागू देऊ नका. बाकीच्या लेबल भिजू न देता धुवा, सावलीत वाळवा आणि नव्या आतल्या पाकिटांत घालून उभ्या ठेवा.